रंगावर जाऊ नका : परसातील फिंच ओळखताना



पावसाळा सरला की आपल्या धर्मग्रामातील काही आईवडील परदेशी जाण्याच्या तयारीला लागतात. कुणाच्या मुलीचे बाळंतपण असते, कुणाला नातवंडे सांभाळायची असतात. टोरांटो, न्यू जर्सी, शिकागो ही नावे आता आपल्याला आगाशी-निर्मळइतकीच तोंडपाठ झाली आहेत. जाण्यापूर्वी ही मंडळी आशीर्वाद घ्यायला येतात. पाच-सहा महिन्यांनी परतल्यावर पुन्हा भेटतात तेव्हा बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच असते : “फादर, घर मोठे, सुखसोयी सगळ्या, पण दिवस जाता जात नाही. मुलगा-सून सकाळीच कामाला जातात, मुले शाळेत. बाहेर बर्फ. आपण खिडकीपाशी बसून राहायचे.”

आज त्या खिडकीविषयीच लिहायचे आहे. तिकडच्या पुष्कळ घरांच्या परसात एक पारदर्शक नळकांडे टांगलेले असते. त्याला खाली-वर बारीक भोके आणि प्रत्येक भोकाशी पक्ष्याला बसायला एक काडी. आत दाणे भरलेले. याला ते ‘बर्ड फीडर’ म्हणतात. अमेरिकी सरकारने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीनुसार घराभोवतीच्या रानपक्ष्यांना दाणे घालणाऱ्यांची संख्या तिथे पाच कोटींहून अधिक होती. मी स्वतः एका हिवाळ्यात न्यू जर्सीतील एका चर्चमध्ये मदतीला होतो. तिथल्या धर्मगुरुनिवासाच्या मागे असे दोन फीडर होते आणि सकाळच्या मिस्सेनंतर चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे पाहत उभे राहण्याची सवय मला लागली. त्या फीडरवर सर्वांत जास्त ये-जा असते ती ‘फिंच’ या लहानशा पक्ष्यांची. दिसायला सोपे, ओळखायला अवघड. म्हणूनच दिवस न जाणाऱ्या माणसासाठी ते उत्तम सोबती आहेत.

आधी ‘फिंच’ म्हणजे कोण ते पाहू. दाणे फोडण्यासाठी बनलेली शंकूसारखी जाड चोच, शेपटीच्या टोकाला खाच आणि लाटेवरून होडी जावी तसे खालीवर होत उडणे, ही या कुळाची ढोबळ ओळख. जगात यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. पण चोच जाड दिसली म्हणजे फिंच, असे समजू नका. आपल्या शेतातील मुनिया फिंचसारखी दिसते, पण तिचे कुळ वेगळे. आपली चिमणीही वेगळ्या कुळातली. एवढेच काय, शाळेच्या पुस्तकात ज्यांच्यामुळे फिंच हा शब्द आपल्या कानावर पडला, ते गालापागोस बेटांवरचे ‘डार्विनचे फिंच’सुद्धा खरे फिंच नव्हेत. ते टॅनेजर नावाच्या दुसऱ्याच कुळात मोडतात. नाव चिकटले ते चिकटले.

आणि गंमत अशी की, न्यू जर्सीच्या त्या फीडरवर तुम्हाला आपली चिमणीही दिसेल. अगदी आपलीच, काळ्या गळ्याचा चिमणा आणि मातकट चिमणी. १८५१-५२ च्या सुमारास ती युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडली गेली आणि पुढे साऱ्या खंडभर पसरली. परक्या देशात पहिल्या दिवशी ओळखीचा चेहरा दिसला की बरे वाटते. पण तिचा आणखी एक उपयोग आहे. चिमणी हे आपले माप समजा. समोरचा पक्षी चिमणीपेक्षा लहान की मोठा, सडपातळ की गुबगुबीत, हे सांगता आले की निम्मे काम झाले.

कारळ्याची गोष्ट

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत कारळ्याची चटणी होते. कारळे भाजायचे, त्यात लसूण, मिरची, मीठ घालून कुटायचे. काही ठिकाणी याच बियांना खुरासणी म्हणतात. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर पावसाळ्याच्या शेवटी खुरासणीची शेते पिवळ्या फुलांनी भरून जातात. तर न्यू जर्सीतील त्या नळकांड्यात जे बारीक, काळे, सुईसारखे दाणे भरलेले असतात, ते हेच कारळे! तिथल्या दुकानात ते ‘नायजर’ या नावाने मिळते आणि ते अमेरिकेत पिकवलेले नसते, मुख्यतः भारत, इथिओपिया, म्यानमार या देशांतून जाते. वाटेत त्याला उष्णता देऊन त्याची उगवण्याची शक्ती घालवतात, कारण त्यात मिसळलेल्या तणांचे बी तिकडच्या शेतात रुजू नये असा तिथला कायदा आहे.

पूर्वी हे बी तिथे ‘थिसलचे बी’ म्हणून विकले जाई. थिसल म्हणजे उंटकटाऱ्यासारखे काटेरी झुडूप. कारळे हे काही थिसल नव्हे, पण या चुकीच्या नावात थोडे तथ्य होते. थिसल, उंटकटारा, सूर्यफूल आणि कारळे ही सारी एकाच कुळातील झाडे आहेत आणि फिंच पक्ष्यांचे या कुळातील बियांवर मोठे प्रेम. युरोपातील गोल्डफिंचचे लॅटिन नाव ‘कार्दुएलिस’ हे थिसलच्या ‘कार्दुउस’ या नावावरूनच आले. हा पक्षी काट्यांत बसून दाणे टिपतो आणि त्याच्या तोंडावर लाल डाग आहे, म्हणून मध्ययुगातील चित्रकारांनी त्याला काटेरी मुकुटाची आणि प्रभूच्या दुःखसहनाची खूण मानले. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात राफाएलचे सुमारे १५०६ मधील एक चित्र आहे. त्यात बाळ योहान छोट्या येशूपुढे एक गोल्डफिंच धरतो आणि येशू त्याला हळूच हात लावतो आहे. सोळाव्या शतकात घर कोसळून या चित्राचे तुकडे झाले होते. ते जोडले गेले, पण सांधे दिसत राहिले. अलीकडे तज्ज्ञांनी दहाएक वर्षे खपून ते पूर्ववत केले आणि २००८ मध्ये ते लोकांपुढे आले. आपल्या धर्मग्रामातील कुणी रोमच्या यात्रेला जाऊन फ्लॉरेन्सला थांबले तर ते जरूर पाहावे. अमेरिकेतील गोल्डफिंच मात्र निराळा, त्याच्या तोंडावर तो लाल डाग नसतो.

दोन लाल पक्षी

आता मूळ अभ्यासाकडे वळू. अमेरिका-कॅनडाच्या पूर्व भागात फीडरवर दोन जातींचे लालसर नर येतात : हाऊस फिंच आणि पर्पल फिंच. नवख्या माणसाची पहिली फजिती इथे होते. पुस्तकात चित्र पाहतो, लाल पक्षी दिसतो, ‘हाच तो’ म्हणून मोकळा होतो.

हाऊस फिंच आपल्या चिमणीहून जरा सडपातळ. नराचे कपाळ, भुवई, गळा आणि छाती लाल, शेपटीच्या मुळाशी पाठही लाल. पण डोक्याचा माथा तपकिरी, पाठ तपकिरी आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रेघा ठळक. वरच्या चोचीची कड वाकलेली. शेपटी लांब, टोकाला खाच अगदी नावापुरती. पर्पल फिंच त्याहून भरलेला, मानेत आखूड, शेपटी आखूड आणि तिची खाच खोल. चोचीची कड सरळ. त्याचा रंग कपाळावर किंवा छातीवर थांबत नाही. डोक्यावर कोकमाचा आगळ ओतावा आणि तो पाठीवर, पंखांवर ओघळत जावा तसा तो पसरलेला असतो. पोटाच्या बाजूंना रेघा नसतात किंवा अगदी पुसट असतात. ‘पर्पल’ म्हणजे जांभळा हे नाव मात्र कुणी दिले देव जाणे, त्यात जांभळे काहीही नाही.

पण खरी परीक्षा माद्यांची. त्यांत लाल रंगाचा लवलेश नाही, दोन्ही तपकिरी. इथे चेहरा पाहायचा. हाऊस फिंचच्या मादीचा चेहरा कोरा, राखट, काही न लिहिलेल्या पाटीसारखा. छातीवरच्या रेघा ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. पर्पल फिंचच्या मादीला डोळ्यावर पांढरी, रुंद भुवई, गालावर गडद पट्टा आणि छातीवरच्या रेघा टोकदार, स्वच्छ. एकदा हा फरक नजरेत बसला की मग नरसुद्धा रंगाशिवाय ओळखता येतात. म्हणून माझा सल्ला असा की, सुरुवात मादीपासून करावी. जिच्याकडे कुणी पाहत नाही तिच्याकडे आधी पाहावे.

रंगावर का जाऊ नये, याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. हाऊस फिंचच्या नराचा लाल रंग त्याच्या अंगी जन्मतः नसतो, तो त्याच्या खाण्यातून येतो. फळाफुलांत, बियांत जी लाल-पिवळी द्रव्ये असतात, ज्यांमुळे गाजर लाल होते त्याच जातीची, ती पोटात गेली तर उन्हाळ्याच्या अखेरीस नव्याने येणाऱ्या पिसांत उतरतात. त्या दिवसांत खाणे चांगले मिळाले तर नर लालभडक होतो, नाही मिळाले तर नारिंगी किंवा पिवळा राहतो. माद्या जास्त लाल नर पसंत करतात, हे जेफ्री हिल या संशोधकाने १९९० च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे त्याच फीडरवर लाल, नारिंगी आणि पिवळा असे तीन पक्षी बसले असतील आणि तिन्ही एकाच जातीचे नर असतील.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलपासून संत थॉमसपर्यंत चालत आलेला एक भेद आम्हाला घोटून घेतला जाई : वस्तूचे सत्त्व वेगळे आणि तिचे आगंतुक गुण वेगळे. वर्गात उदाहरणे दिली जात ती नेहमीची : गोरा सॉक्रेटिस आणि काळवंडलेला सॉक्रेटिस, माणूस तोच. मला विचाराल तर हा धडा शिकवायला पिवळा हाऊस फिंच अधिक बरा. रंग बदलला, पक्षी तोच. चोचीची कड आणि शेपटीची खाच मात्र बदलत नाही. अर्थात चोच म्हणजे सत्त्व नव्हे, हे तत्त्वज्ञानाचे जाणकार मला लगेच सुनावतील. त्यांचे खरे आहे. पण सत्त्वाकडे जाणारी वाट कोणत्या खुणेवरून जाते आणि कोणत्या खुणेवरून चुकते, एवढे तरी त्यावरून कळते.

अशा खुणा शोधून काढण्याची पद्धत फार जुनी नाही. पूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे बंदुकीने पाडून हातात घ्यायचा. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन या तरुण चित्रकाराने एक छोटे पुस्तक काढले. त्यात सारखे दिसणारे पक्षी शेजारी शेजारी, एकाच बाजूने तोंड केलेले दाखवले आणि जिथे फरक आहे नेमक्या तिथेच रेघ मारून बोट ठेवले. दुर्बीण आणि ते पुस्तक एवढ्यावर सामान्य माणूस पक्षी ओळखू लागला. आपल्याकडे डॉ. सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ मध्ये आले आणि तेच काम त्याने इथे केले. हल्ली मोबाईलवर ‘मर्लिन’सारखी साधने फोटो पाहून, आवाज ऐकून नाव सांगतात. नातवंडे ती तुम्हाला लावून देतील. वापरायला माझी हरकत नाही, पण आधी पाच मिनिटे नुसते पाहा आणि कागदावर लिहा : माप, चोच, चेहरा, पोटावरच्या रेघा, शेपटी, आणि सर्वांत शेवटी रंग. मग यंत्राला विचारा. आधी नाव कळले की डोळे पाहायचे थांबतात.

आणि नाही ओळखता आले तर? ‘हाऊस किंवा पर्पल फिंच’ असे सरळ लिहून मोकळे व्हावे. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या संस्थांनी आपल्या यादीत अशा अर्धवट ओळखीसाठी मुद्दाम जागा ठेवली आहे. माहीत नाही हेही त्यांच्या दृष्टीने उत्तर आहे, ठोकून दिलेले नाव नव्हे.

हाऊस फिंचचा पूर्वेतिहासही सांगण्यासारखा आहे. तो मूळचा अमेरिकेच्या पश्चिमेचा आणि मेक्सिकोचा. न्यूयॉर्कचे पक्षीविक्रेते त्याला ‘हॉलिवूड फिंच’ म्हणून पिंजऱ्यात विकत. रानपक्ष्यांचा असा व्यापार कायद्याने गुन्हा होता. १९४० मध्ये त्यावर टाच आली, तेव्हा खटला नको म्हणून काही पक्षी लाँग आयलंडवर सोडून देण्यात आले. त्या मूठभर पक्ष्यांची संतती पन्नासएक वर्षांत पूर्वेच्या साऱ्या राज्यांत पसरली. न्यू जर्सीत तोही आपल्या मुलांसारखाच दुसरीकडून येऊन स्थायिक झालेला.

रंग बदलणारे आणि नाव बदलणारे

अमेरिकन गोल्डफिंच हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी. उन्हाळ्यात नर हळदीसारखा पिवळाधमक, डोक्यावर काळी टोपी, काळे पंख. आपली माणसे मात्र बहुधा हिवाळ्यात पोहोचतात आणि फीडरवर त्यांना दिसतात ते मळकट, शेवाळी-तपकिरी छोटे पक्षी. “सून म्हणते पिवळा पक्षी येतो, मला तर एकही दिसला नाही!” दिसला आहे, तोच तो. गोल्डफिंच वर्षातून दोनदा अंगावरची पिसे बदलतो; फिंच कुळात असे करणारा तो एकटाच. काळे पंख आणि त्यांवरचे फिकट पट्टे हिवाळ्यातही कायम राहतात, त्यांवरून ओळखावा. मार्चनंतरही मुक्काम असेल तर त्याच खिडकीतून पिवळे ठिगळ हळूहळू वाढताना पाहता येईल. जणू कुणी भिंत थोडी थोडी रंगवत आहे.

इतर पक्षी वसंतात घरटी करतात, हा जून सरेपर्यंत थांबतो, कारण थिसलचे बी तेव्हा तयार होते. पिलांनाही तो किडे भरवत नाही, बियाच भरवतो. काऊबर्ड नावाचा पक्षी, आपल्या कोकिळेसारखा, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. गोल्डफिंचच्या घरट्यात त्याचे पिल्लू जन्मले तर बिया खाऊन ते तीनएक दिवसांपलीकडे जगत नाही. गोल्डफिंचने काही केले नाही. त्याने आपल्या लेकरांना जे भरवले तेच पाहुण्यालाही भरवले.

पाइन सिस्किन नावाचा आणखी एक येतो. अंगभर रेघा, बारीक टोकदार चोच, पंखात पिवळी झाक. याचा भरवसा नाही. एका हिवाळ्यात शेकड्यांनी येतो, पुढची दोन वर्षे फिरकत नाही. उत्तर कॅनडाच्या अरण्यात सूचिपर्णी झाडांना फळे कमी आली की हे पक्षी दक्षिणेकडे सरकतात. आँटारियोचे रॉन पिटवे यांनी १९९९ पासून त्या झाडांच्या फळांचा अंदाज घेऊन ‘यंदा कोणता फिंच कुठे येईल’ याचे भाकीत दरवर्षी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. २०२० पासून ते काम टायलर होर करतात. आपल्याकडे पावसाचा अंदाज वाचतात तसा तिकडे फिंचचा अंदाज वाचणारे लोक आहेत.

रेडपोलची गोष्ट तर तत्त्वज्ञानाच्या तासाला सांगावी अशी. कपाळावर लाल टिकली असलेला हा उत्तर ध्रुवाकडचा पक्षी. त्याच्या ‘कॉमन’ आणि ‘होरी’ अशा दोन जाती मानत. होरी जरा अधिक पांढरा, चोच आखूड. कित्येक पक्षीनिरीक्षकांनी थंडीत कुडकुडत, दुर्बिणीतून शेपटीखालच्या रेघा मोजत या दोघांना वेगळे करण्यात उमर घालवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की, हा फरक त्यांच्या गुणसूत्रावरच्या एका उलट्या जोडल्या गेलेल्या तुकड्यामुळे पडतो, बाकी वारसा एकच. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेने या साऱ्यांना मिळून ‘रेडपोल’ ही एकच जात ठरवले. उलट २०१७ मध्ये त्याच संस्थेने आयडाहो राज्यातील एका क्रॉसबिलला, म्हणजे कातरीसारख्या चोचीच्या फिंचला, स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली होती. आमच्या अभ्यासक्रमात ‘नावे ही वस्तूंची की आपल्या मनाची?’ यावर मध्ययुगातील विद्वानांचे वाद होते. परीक्षेपुरते ते आम्ही पाठ केले. रेडपोलला मात्र या निर्णयाने काहीच फरक पडला नाही, तो पूर्वीसारखाच कारळे खातो आहे.

डोळे मिटलेला पक्षी

आता जरा गंभीर गोष्ट. आपल्याच धर्मग्रामातील एक आजी लेकीकडून परतल्यावर मला मोबाईलवरचा फोटो दाखवत होत्या. “फादर, हा लाल पक्षी इतका माणसाळला होता की दिवसभर फीडरवरून हलत नसे. अगदी जवळ गेले तरी उडत नसे.” फोटो मोठा करून पाहिला. हाऊस फिंचचा नर. एक डोळा सुजून बंद झालेला, भोवती खपली धरलेली. तो माणसाळला नव्हता, त्याला दिसत नव्हते. आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मला वाटले, त्याला माझी सोबत आवडते.”

हा आजार १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन शहराभोवतीच्या उपनगरांत लोकांच्या फीडरवर प्रथम दिसला. याचा जंतू मायकोप्लाझ्मा जातीचा, कोंबड्या आणि टर्कींना होणाऱ्या रोगातला. तो हाऊस फिंचमध्ये शिरला आणि काही वर्षांत पूर्वेच्या साऱ्या भागात पोहोचला. पुष्कळ ठिकाणी त्यांची संख्या निम्म्यावर आली. मूठभर पूर्वजांपासून वाढलेली ही संतती, त्यामुळे रोगाशी झुंजायची ताकद तिच्यात कमी होती असे शास्त्रज्ञांना वाटते. माणसाला हा रोग होत नाही. पण पक्ष्यापासून पक्ष्याला लागण होण्याची मोठी जागा कोणती? तर आपण प्रेमाने टांगलेले तेच नळकांडे. आजारी पक्षी भोकात तोंड घालतो, डोळा कडेला घासतो, पाठोपाठ दुसरा येऊन तिथेच तोंड घालतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन प्रचंड संख्येने खाली उतरले, तेव्हा साल्मोनेला जंतूने त्यांचे पुष्कळ बळी घेतले. वॉशिंग्टन, ऑरेगन, कॅलिफोर्निया या राज्यांत अधिकाऱ्यांनी लोकांना फीडर काही काळ उतरवून ठेवण्याची विनंती केली. त्या जंतूची लागण काही माणसांनाही झाली.

म्हणजे दाणे घालूच नयेत का? तसे मी म्हणणार नाही. पण दाणे घालणाऱ्याकडे कामही आले. फीडर निदान दोन आठवड्यांतून एकदा उतरवून, सोलून काढल्यासारखा घासावा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणात बुडवावा, खळखळून धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच भरावा. ओले, बुरशी धरलेले कारळे फेकून द्यावे. खाली सांडलेली टरफले झाडावीत, कारण काही पक्षी जमिनीवरच टिपतात. हे घरातल्या ओट्यावर करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. सुजलेल्या डोळ्याचा किंवा पिसे फुगवून निपचित बसलेला पक्षी दिसला तर फीडर आठ-पंधरा दिवस उतरवून ठेवावा, म्हणजे पक्षी पांगतात. पक्षी उपाशी मरतील ही भीती नको, फीडर हे त्यांचे एकमेव ताट कधीच नसते. मुलगा-सुनेला याला वेळ नसतो. तुम्हाला असतो. “आई, राहू दे, आम्ही बघू” असे ती म्हणतील, तरी आपण करावे.

त्या आजी पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या, तेव्हा जावयाकडून वेगळी बादली आणि ब्रश मागून घेतला. आता घरात त्यांना ‘फीडर इन्स्पेक्टर’ म्हणतात असे कळते.

ज्यांना थोडे पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ नावाचा उपक्रम आहे. याची सुरुवात १९७६ मध्ये कॅनडातील आँटारियोत झाली आणि १९८७ पासून तो साऱ्या उत्तर अमेरिकेत चालतो. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि कॅनडाची पक्षीसंस्था मिळून तो चालवतात. नोव्हेंबर ते एप्रिल, लागोपाठ दोन दिवस निवडायचे आणि खिडकीतून दिसलेले पक्षी मोजायचे. मोजण्याचा नियम मोठा शहाणपणाचा आहे : एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तितकेच लिहायचे, बेरीज करायची नाही. सकाळी चार, दुपारी सहा, संध्याकाळी तीन दिसले तर उत्तर सहा, तेरा नव्हे. तोच पक्षी पुन्हा पुन्हा येत असतो. एकही आला नाही तर शून्य, तेही लिहायचे. अशा सामान्य माणसांच्या नोंदींतूनच आजार कसा पसरला आणि हाऊस फिंच किती घटले हे कळले. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासाने १९७० पासून उत्तर अमेरिकेतील सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाल्याचा अंदाज मांडला, त्यातही अशा मोजण्यांचा आधार होता.

काहींनी विचारले आहे की, मग आपल्या वाडीतही असा फीडर टांगावा का? मला विचाराल तर नको. पहिल्या दिवशी चिमण्या येतील, आठव्या दिवशी कबुतरे बसतील आणि दुसऱ्या कुणाला जागा राहणार नाही. आपल्या मुनियांना नळकांडे नको, गवत हवे. बावखलाच्या काठी, केळीच्या बागेच्या कडेला गवताचा एक पट्टा बी धरेपर्यंत कापू नका. पावसाळा सरताना ठिपकेदार मुनिया दाटीवाटीने येऊन त्या तुऱ्यांना लोंबकळतील. बाजारात रंगवून विकायला आणलेल्या मुनिया मात्र विकत घेऊ नका. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि सोडून देण्यासाठी विकत घेतल्या तरी विकणाऱ्याचा धंदाच वाढतो. खरा फिंच पाहायचाच असेल तर थंडीत सह्याद्रीच्या जंगलात जावे. रोजफिंच हा गुलाबी डोक्याचा पाहुणा उत्तरेकडून तिथे उतरतो. त्याची मादीही तपकिरी, रेघांची, कुणी न पाहिलेली.

नोव्हेंबरात निघणाऱ्यांसाठी एक शेवटची सूचना. सुनेच्या फीडरसाठी म्हणून इथून पिशवीभर कच्चे कारळे घेऊन जाऊ नये; उष्णता दिलेलेच बी तो देश आत घेतो, विमानतळावर तुमचे काढून घेतील. तिथल्या दुकानात ते मिळते. भाजून कुटलेली चटणी न्यायची असेल तर ती फॉर्मवर लिहून सांगावी आणि डबा घट्ट बंद करावा.

आपला,
फादर